शिंकणाऱ्या करडीचं काय करायचं

…बरं, शिंकली तर शिंकली, पण रविवारी सगळं घर जेवायला बसलेलं असताना शिंकायचं? सशांचे पिंजरे गच्चीवर, आम्ही खाली, मधे एक उघडी खिडकी, आणि वरून आपलं फिस्स… फिस्स… तुम्हाला सांगते, आमच्या सासूबाईंना, म्हणजे जूझाबाईंना, समोरच्या चर्चची घंटा ऐकू येत नाही, पण ही शिंक बरोब्बर ऐकू आली. काटा हातात तसाच. म्हणाल्या, "तुझी करडी शिंकतेय."

तुझी! परवापर्यंत पाठीवरचं मांस चाचपून शेजारणींना दाखवत होत्या तेव्हा ती 'आमची करडी' होती. शिंकल्याबरोबर माझी झाली.

म्हणजे माझीच होती म्हणा. लग्नात आईने दिलेली. चादरी पण दिल्या होत्या, त्या कपाटात गेल्या, कपाट सासूबाईंच्या खोलीत गेलं, किल्ली सासूबाईंच्या खिशात गेली. राहिली ही सशीण. अख्ख्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच. पण हे सांगणार कुणाला? मी आपली नवी सून. मी काय बोलणार?

मग काय, जेवण टाकून सगळी वरात गच्चीवर. करडी बसलीय कोपऱ्यात, पुढच्या पंजांनी नाक पुसतेय, पंजे ओले चिंब. सासूबाईंचा निकाल तयार होता. आत्ताच मान मोडायची, लसूण, वाइन, तमालपत्र, संध्याकाळी रस्सा. सासरे, सल्वू त्यांचं नाव, घरातले ससे मारायचं काम त्यांचं, तळहाताचा एक फटका की संपलं, पण मनाने फार हळवे. ते म्हणाले, छे छे, आजारी जनावर मारू नये, आधी औषधपाणी करू, नाक पुसू, कोवळं गवत भरवू, चांगली टुणटुणीत झाली की मग मारू. केवढी ती माया! माझा नवरा पीनू फेरीबोटीवर कामाला आहे, इकडच्या धक्क्यावरून तिकडच्या धक्क्यावर, त्यामुळे याही बाबतीत तो आधी आईच्या बाजूला जाऊन आला, मग बापाच्या. शेवटी म्हणाला, "डॉक्टरांना विचारू." मला कुणी विचारलं? मी काय बोलणार?

गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, सुया टोचतो, बरी वाटेल, पण औषध अंगात असेपर्यंत खायची नाही. आणि रोग नाकात दडून राहतो, तेव्हा इतर सशांत परत ठेवायची नाही. नाहीतर आजच मारून टाका.

सासूबाई म्हणाल्या, "ज्याने जनावर खाता येत नाही, त्याला औषध कसलं म्हणायचं?"

डॉक्टरांनी बॅग मिटली. ठरलं की कळवा म्हणाले. त्यांना आमचं घर माहीत आहे.

आणि मग आमच्या आत्याबाई, ओर्स्ला, सासऱ्यांच्या बहीण, यांना सुचलं. चार दिवसांवर संत अंतॉनचा सण, त्या दिवशी गावची जनावरं पाद्रीबाबांच्या पुढे नेतात, ते पवित्र पाणी शिंपडतात. तिलाही नेऊ या की. पाण्याने मांस काही बिघडत नाही. बघा, हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं!

तर आम्ही रांगेत. पुढे रिबिनी बांधलेला घोडा, मागे स्वेटर घातलेलं कुत्रं, मधे टोपली घेऊन मी. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं आणि त्याच क्षणी करडी शिंकली, थेट त्यांच्या चष्म्यावर. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि खूप वर्षं जग म्हणाले. तुम्हाला सांगते, सासूबाईंचा चेहरा…

संध्याकाळी वरून परत फिस्स. सासूबाई म्हणाल्या, झालं तेवढं पुरे, उरका आता. सासऱ्यांनी तिला मागच्या पायांनी उचललं, हात वर नेला… आणि तसाच खाली आणला.

"सकाळी जिथे देवाचं पाणी पडलं, तिथे माझा हात पडायचा नाही."

मग पीनू. पीनूला एकदम बोटीची आठवण झाली. मग आत्याबाई. त्या म्हणाल्या, मी फक्त सुचवलं. मग सासूबाईंनी स्वतः सुरी उचलली, छातीवर क्रूस काढला, आणि सुरीने लसूण सोलायला बसल्या. आता मला सांगा, जिचा रस्सा करायचा तिलाच आधी आशीर्वाद देऊन आणायचं, हे आमच्या घराशिवाय कुणाला सुचेल?

आणि मग, सगळे दमल्यावर, सासूबाई म्हणाल्या, "तू सांग. तुझी आहे."

मी काय बोलणार… पण या वेळी सगळे खरंच थांबले होते. आता खरं सांगते, माझ्या माहेरी ओल्या पंजांची सशीण संध्याकाळ बघत नाही. एकीच्या नाकापायी पिंजऱ्यांची रांगच्या रांग जाते. शेजारच्या पिंजऱ्यात सासूबाईंच्या गाभण सशिणी होत्या. सगळं कळत होतं. पण मला ते कपाट दिसत होतं, आणि ती किल्ली.

म्हटलं, "सुया टोचा. आणि ती आमच्या खोलीत राहील."

पीनूने माझ्याकडे असं बघितलं की जणू बोट त्याला न घेताच सुटली. सासूबाई लसूण बाजूला ठेवून म्हणाल्या, "बोलता येतं की हिला."

तर आता ती आमच्या पलंगाखाली राहते. अधूनमधून शिंकते. नवऱ्याची एक चप्पल खाऊन झाली, दुसरी चालू आहे. गच्चीवरच्या सगळ्या ठणठणीत, रविवारी वेळच्या वेळी रस्सा. आणि माझ्याबद्दल घराचं असं पक्कं ठरलंय की कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, ते ही सांगते. शेळी लंगडली, सुनेला दाखवा. कोंबडी अंडं देईना, आत्याबाई ती काखेत मारून माझ्या दारात उभ्या. मी आपली नाडी बघितल्यासारखं करते आणि म्हणते, राहू दे.

काल जेवताना सासरे शिंकले. एकदाच. सगळ्यांनी काटे खाली ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

सासऱ्यांनीसुद्धा.