टाचणात नसलेलं उत्तर

सन्माननीय अध्यक्ष महाशय, संस्थेचे आदरणीय चिटणीस, प्राचार्यसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, माझे सहकारी प्राध्यापक, ज्यांच्या टाचणवह्या मी वर्षभर लाल केल्या ते तुम्ही सारे विद्यार्थी-शिक्षक बंधुभगिनी, आणि ज्यांच्या घंटेवर या कॉलेजात माझी एकोणीस वर्षं चालली ते दाराशी उभे असलेले आमचे शिपाई चनमल्लप्पा,

आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. विद्यार्थ्यांनी तर लाल पेन्सिलींचा अख्खा डबा दिला. ही थट्टा आहे हे कळण्याइतपत अक्कल अजून शिल्लक आहे. माझ्याआधी तीन वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की मलाच वाटलं, हा गृहस्थ कोण, एकदा भेटायला हवं. निवृत्त होणाऱ्याबद्दल आणि वारलेल्याबद्दल वाईट बोलायचं नाही, ही आपली रीत. तेव्हा वाईट बोलायचं काम माझ्याच वाट्याला राहिलं. आजचं एप्रिलचं ऊन आणि हा कुरकुरणारा पंखा लक्षात घेऊन मी थोडक्यात आटोपतो.

मघाशी कुणी म्हणालं, ‘सर कडक, पण न्यायी.’ कडक होतो, कबूल. दुसऱ्या शब्दाबद्दल बोलायला उभा आहे.

पाहुण्यांसाठी सांगतो. इंग्रजीचा मास्तर व्हायचं, तर आमच्याकडे वर्षभर सराव पाठ घ्यावे लागतात. प्रत्येक पाठाचं टाचण आधी लिहायचं. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, उपयोजन, स्वाध्याय अशा पाच पायऱ्या. शिक्षक काय विचारणार ते डाव्या रकान्यात, मुलं काय उत्तर देणार ते उजव्या रकान्यात. होय, मुलांची उत्तरंसुद्धा आदल्या दिवशी लिहून ठेवायची! पस्तीस मिनिटांत पाचही पायऱ्या चढून वर जायचं. वर्षअखेरीस परीक्षेचा पाठ. मागच्या बाकावर दोन परीक्षक, एक बाहेरगावचे, एक मी.

आणि एक गोष्ट टाचणात नसते, पण आपल्या सर्वांना ठाऊक असते. परीक्षेच्या आदल्या दिवशी आमचे विद्यार्थी गुपचूप त्या शाळेत जातात आणि वर्ग ‘बसवून’ घेतात. नाटक बसवतात ना, तसा. कोणत्या प्रश्नाला कुणी उठायचं, काय म्हणायचं, सगळं ठरतं. परीक्षकांना ते माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी स्वतः विद्यार्थी असताना बसवला होता, मग कुठल्या तोंडानं बोलणार?

ही गोष्ट फेब्रुवारी सत्तरची. इथल्याच, सोलापूरच्या गिरणी भागातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गावर एकापाठोपाठ दोन परीक्षापाठ होते. पहिला कुंडलिकरावांचा. ते आज करमाळ्याकडे पर्यवेक्षक आहेत आणि मुद्दाम इथवर आले आहेत. कुंडलिकराव, राग मानू नका. त्यांनी वर्ग झकास बसवला होता. पण ऐन वेळी घाम फुटला आणि तिसरा प्रश्न विसरून ते चौथ्यावर गेले. ‘व्हेअर इज द काऊ?’ ठरल्याप्रमाणे तिसऱ्या प्रश्नाचा मुलगा उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, ‘इट इज इन माय पॉकेट, सर!’ वर्गात एक मूल हसलं नाही. त्यांच्या लेखी उत्तर बरोबरच होतं की! पाठ पाचव्या पायरीवर पोचला आणि घंटा झाली. मी रुमालात हसलो आणि पास केलं.

हसलात ना? मीही आठ वर्षं हा किस्सा सांगून टाळ्या घेतल्या. दुसऱ्या पाठाचं मात्र कधी बोललो नाही.

दुसरा पाठ मल्लप्पांचा. अक्कलकोट तालुक्यातले, घरची भाषा कन्नड, वय चौतीस. गावच्या हायस्कुलात सहा वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण पदवी शिक्षणशास्त्राची नव्हती. संस्थेनं बजावलं होतं, या साली बी.एड. व्हा, नाहीतर जागा सोडा. म्हणजे त्या पस्तीस मिनिटांवर त्यांची नोकरी टांगलेली होती. बरोबरीच्यांनी सांगितलं, वर्ग बसवून घ्या. ते म्हणाले, ‘म्या सहा वर्सं शिकवलंय. पोरास्नी नाटक कशाला शिकवू?’

धडा होता समुद्रातल्या जहाजाचा. मल्लप्पांनी तक्ता टांगला, टाचणाप्रमाणे इंग्रजीतून विचारलं, जहाज कुणी पाहिलंय? उजव्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुले होय म्हणतील.’ कोण म्हणणार? सोलापुरात समुद्र कुठला? वर्ग चिडीचूप. मीही पेन्सिल सरसावून बसलो.

मल्लप्पांनी एकदा टाचणाकडे पाहिलं, ते मिटलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. मग फळा पुसायचं डस्टर उचलून टेबलावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकवलं. जहाज असं जातं, असं येतं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘धोटा!’ मागावरचा धोटा, साऱ्या वर्गाच्या घरातला. मल्लप्पा हसले. ‘येस! शटल!’ आणि त्यांनी हळूहळू, सोप्या इंग्रजीत, मुलांच्या घरी काय काय चालतं ते विचारायला सुरुवात केली.

तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. ही मुलगी तोंड उघडत नाही असं वर्गशिक्षकांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, ‘फादर वर्क नाइट. फादर स्लीप डे. हाऊस स्मॉल. वी नो टॉक.’

वडील रातपाळीला, दिवसा झोपतात, घर एका खोलीचं, म्हणून आम्ही पोरं बोलत नाही. चार वाक्यं. मुलांनी दुसऱ्याचं पाठ केलेलं इंग्रजी मी शेकड्यांनी ऐकलं होतं. स्वतःचं काही सांगण्यासाठी बोललेलं इंग्रजी त्या वर्गात मी पहिल्यांदा ऐकलं. मल्लप्पांनी तिला चुका दाखवल्या नाहीत. आणखी एक प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं. मग दुसरी उठली, मग चौघं. घंटा झाली तेव्हा ते तिसऱ्याच पायरीवर होते.

मी काय लिहिलं? आजही पाठ आहे. ‘टाचण सोडले. अशुद्ध उत्तरे सुधारली नाहीत. दोन पायऱ्या राहिल्या. उद्दिष्ट साध्य नाही.’ बाहेरचे परीक्षक भले गृहस्थ होते. म्हणाले, ‘चार गुण वाढवू या, माणूस पास होऊन जाईल.’ मी म्हणालो, नाही. नियम म्हणजे नियम. त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

निकालानंतर मल्लप्पा मला भेटायला आले. रागावले नाहीत. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, ‘सर, ती पोरगी बोलली की.’

मी म्हणालो, ‘मल्लप्पा, ते टाचणात नव्हतं. ऑक्टोबरला पुन्हा बसा.’ ते ऑक्टोबरला बसले नाहीत. गावच्या संस्थेनं जागा भरून टाकली होती.

यंदाच्या परीक्षेत एका विद्यार्थिनीचा पाठ पाहायला मी मागच्या बाकावर बसलो होतो. मध्येच वर्ग अडला. तिनं डस्टर उचललं आणि टेबलावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकवलं. माझ्या हातातली पेन्सिल थांबली. पाठ संपल्यावर मी विचारलं, हे कुठं शिकलीस? ती म्हणाली, ‘एका सरांकडून. ते एकच तास आले होते. पुढं कुणीतरी म्हणालं, ते नापास झाले.’ मग खाली बघून म्हणाली, ‘सर, मी मधेच बोलले म्हणून ते नापास झाले का हो?’

अध्यक्ष महाशय, आठ वर्षं त्या पोरीनं हे मनात ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा बोलली आणि तिला वाटलं, आपल्या बोलण्यानं मास्तर बुडाला. तिचं नाव शरणम्मा. ती तिथं बसली आहे आणि तिची परवानगी घेऊनच मी हे सांगतो आहे.  त्या दिवशी मी नुसता चष्मा पुसत उभा राहिलो, झालं.

पुढच्या रविवारी एस.टी.नं मल्लप्पांच्या गावी गेलो. त्यांनी ओळखलं, ओट्यावर घोंगडी अंथरली. दुष्काळात ते रस्त्याच्या कामावर मजुरांची हजेरी घेत होते. आता सोसायटीच्या दुकानात खत मोजून देतात. मी म्हणालो, पुन्हा बसा परीक्षेला, मी खटपट करतो. ते म्हणाले, ‘आता कशाला, सर? इंग्रजी बोलायला हितं हाय कोण? निम्मं इसरलो.’ एवढं चांगलं शिकवणारा माणूस विसरला, आणि विसरायला मी लावलं. याला भरपाई नाही, हे मला तिथंच कळलं. शाल अंगावर घेताना मघाशी तेच आठवत होतं.

मग मी त्यांना शरणम्माचा प्रश्न सांगितला.  ते म्हणाले, ‘तिला सांगा, ती बोलली तवा मला लई आनंद झाला हुता. तसा तास मला पुन्यांदा मिळाला न्हाय. तिचं काय बी चुकलं न्हाय, म्हनावं.’

शरणम्मा, ऐकलंस ना? चूक माझी होती, मुली. त्यांचीही नाही आणि तुझी तर नाहीच. तुझ्या वर्गात कुणी असं उठून बोललं, तर टाचण मिटून ठेव. निरीक्षक काय लिहायचं ते लिहू देत.

पेन्सिलींचा डबा मी घरी नेत नाही. चनमल्लप्पा, तो बालवाडीत द्या. पोरं जास्वंदी काढतील.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, संस्थेचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. भाषण संपवताना वक्त्यानं माफी मागायची असते. अधिक-उणं बोललो असेन, वेळ जास्त घेतला असेल, तर सभेनं पोटात घालावं, ही झाली रीतीची माफी. दुसरी रीतीची नाही. ती मागायला मी त्या ओट्यावरून उठताना तोंड उघडलं होतं, तर मल्लप्पांनी हातात चहाची कपबशी दिली आणि म्हणाले, ‘असू द्या, सर.’ त्यांनी मला ती मागूच दिली नाही. म्हणून ती इथं, तुम्हा सर्वांदेखत मागतो, आणि खाली बसतो.