शाहाची पट्टी

नको भाऊ, त्या पट्टीला हात नको लावू. बाकी तंबू हवा तेवढा चाचपून बघ, दोर ओढून बघ, पण मधली ती तांबूस पट्टी राहू दे. बस ना. मीही बसते — नाही बसवत, वारा फिरलाय, मागची बाजू आवळायला हवी. तू कॉफी घे. तर अम्मानच्या संग्रहालयात मांडायचाय म्हणे माझा तंबू? आणि आमच्या ह्यांनी, मुतलकनी, शब्दही दिला तुला? देतील! विणायचा बायकांनी, उभारायचा बायकांनी, शब्द द्यायला तेवढे पुरुष!

काय? गळतो का? अरे, बकरीचे केस आहेत ते — भिजले की फुगतात, भोकं मिटतात. दरसाल नवी पट्टी मधे शिवायची, जुन्या कडेला सरकतात. ती पार कडेची, विरलेली — सासूची माझ्या.

पुराचं ऐकून आलायस ना? सगळे तेच ऐकून येतात. खाली ओढ्याकाठी सिमेंटची घरं मिळाली, अख्खी वस्ती खाली गेली, एकटी फिद्दा शहाणी, चढावर तंबूतच राहिली — असंच ना? आणि घरं वाहून गेल्यावर एकेचाळीस माणसं एकोणीस दिवस या छपराखाली राहिली. खरंय ते. मधला पडदा मीच उसवला — बायकांची बाजू, पुरुषांची बाजू, काही ठेवलं नाही — नि छपराला जोडला. कुणी वाचलेलं पोतं आणलं, कुणी घोंगडी. भांडायच्या मेल्या सुईवरून, पण रोज हातभर छप्पर वाढायचं.

पण शहाणी? मी कसली शहाणी! जावेशी बोलणं नव्हतं म्हणून वर राहिले. शाहा, धाकटी जाऊ. एका बकरीवरून भांडलो, दुसरं काय. त्या दुपारी आली होती ती. इथं, तू बसलायस तिथं उभी. म्हणाली, "फिद्दा, डोंगरावर अंधारलंय, मला खाली भीती वाटते. आजच्या दिवस राहू दे." आमच्यात वैऱ्यालासुद्धा तीन दिवस कुणी हाकलत नाही, भाऊ. आणि मी पडदा सोडला — तिच्या तोंडावर. म्हटलं, "सिमेंटचं घर आहे ना तुला? जा त्यात." गेली. मी लगेच हाक मारायला बाहेर आले — नाही, खोटं कशाला बोलू? नाही आले. पाण्याचा आवाज आला, तेव्हा आले.

तिचा विणायचा माग भांडणाआधीपासून माझ्याकडेच होता, अर्धी पट्टी तशीच लावलेली. उरलेली मी विणली. त्या तांबूस पट्टीची जागा आता खरं तर कडेला, पण मी सरकवत नाही. लोक म्हणतात, म्हातारीची लहर.

ह्यांना ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुला तरी कशाला सांगत बसले मी — अगं बाई, आलेच ते! ऐक, तूच सांग त्यांना, तंबूला कसर लागलीय, संग्रहालयाच्या कामाचा नाही. मी नको म्हटलं तर का म्हणून विचारतील, आणि मी काय सांगू? सांगशील ना?

— आलात? हो, बघितला त्यानं. नकोय म्हणे. चल ऊठ भाऊ, गाडी तापली असेल तुझी.