सुरू आणि चालू

नाही, माफ करा, पण तुम्हीसुद्धा तेच म्हणालात. 'गाडी चालू झाली का?' अहो, चालू नाही, सुरू. सव्वीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार खाल्ला, त्यामुळे खोड जात नाही. पण हा फरक लक्षात आला नाही तर पुढचं काहीच लक्षात येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. जे नव्हतं आणि झालं, ते सुरू झालं. जे होतं आणि अजून आहे, ते चालू आहे. सुरू व्हायला एक क्षण पुरतो. चालू राहायला काही लागत नाही, ते आपलं राहतं. माझी गाडी सुरू होत नव्हती. चालू राहण्याचा प्रश्न पुढचा.

आणि गाडी किती महिन्यांची? चौदा. तुम्हाला सांगतो, चौदा महिन्यांचं पोर भिंतीला धरून का होईना पाऊल टाकतं, आणि हिचं बटण दाबलं की पोटात नुसतं टक. टक, टक, टक… दारावर आलेल्या माणसाने हळहळत च् च् करावं तसं. बरं, गाडीतला पडदा आपल्या भाषेत बोलतो, ही तिची आणखी एक हौस. कोणत्या महाभागाने केलं असेल ते भाषांतर, ईश्वर जाणे. दार उघडं राहिलं की पडद्यावर येतं, 'दार अजर आहे'. अजर! उघडं असं म्हणायचं असणार बिचाऱ्याला. इंग्रजी शब्दाला देवनागरी कपडे घालून पाठवून दिला. इंजिनाचा पत्ता नाही, बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय, आणि दार तेवढं अजर. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा ही पोट धरधरून हसली होती. म्हणाली, "बघा, घरात एकाला तरी म्हातारपण नाही."

ही म्हणजे माझी बायको. व्याकरणात जवळच्याला 'ही' आणि दूरच्याला 'ती'. नऊ महिने झाले हिला जाऊन, मी अजून 'ही' म्हणतो. माझ्याच बोलण्यातल्या एवढ्या एका चुकीला मी लाल खूण करत नाही, तुम्हीही करू नका.

तर सर्व्हिस सेंटर. तिथे एक टायवाला आहे. टाय उत्तम, भाषा अधम. मी तक्रार सांगायची, त्याने ती कार्डावर लिहायची. "सर, गाडी चालू होत नाही, बरोबर?" मी म्हणालो, "सुरू." तो म्हणाला, "तेच ते सर." तेच ते! तेच ते असतं तर दोन शब्द कशाला केले असते लोकांनी, हौस म्हणून? बरं, दोन दिवस गाडी ठेवून घेतात, आणि तिसऱ्या दिवशी फोन. "सर, गाडी ओके आहे." ओके म्हणजे? "म्हणजे सर, आमच्याकडे चालू होते." तुमच्याकडे होते हो! लेकरू शेजाऱ्यांकडे शहाण्यासारखं जेवतं, घरी आलं की ताट ढकलतं, तशी गत. गाडी घरी आणावी, चार दिवस बरी, पाचव्या दिवशी पुन्हा च् च् च्. असं सहा वेळा. सहाव्या वेळी तर टायवाल्याने मलाच विचारलं, "सर, घरात कोणाला काही प्रॉब्लेम?" मी म्हणालो, "आहे, पण तो तुमच्या कार्डावर मावणार नाही."

आणि गाडी किती महिन्यांची? चौदा. त्यातले पहिले पाच महिने ही चालवायची. गाडी हिचीच निवड. मला गाडीतलं कळतं ते शुद्धलेखनाइतकंच, म्हणजे ऱ्हस्व गियर का दीर्घ गियर एवढंच. हिने मात्र सहा गाड्या चालवून पाहिल्या आणि ही घेतली, कशासाठी म्हणाल, तर सीटसाठी. ड्रायव्हरच्या दारावर दोन बटणं आहेत, एक आणि दोन. मी लांबोडका, ही बुटकी. एक दाबलं की सीट मागे जाते, खाली बसते, बाजूचे आरसे वर बघायला लागतात, म्हणजे मी. दोन दाबलं की सीट घूं करत पुढे सरकते, वर उचलली जाते, पाठ ताठ होते, आरसे मान खाली घालतात, म्हणजे ही. "आता भांडण मिटलं," म्हणाली. वीस वर्षं आमचं त्यावरून भांडण, कोणी कोणाची सीट हलवली म्हणून. ते मिटलं, आणि पाच महिन्यांनी ही ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डब्याचं झाकण उघडायच्या आधी… झाकण घट्टच होतं म्हणाले ते लोक. आजार नाही, पूर्वसूचना नाही.

गाडी तिथेच ऑफिसाखाली राहिली. चौथ्या दिवशी मी आणायला गेलो. दार उघडून बसायला लागलो, तर बसताच येईना. गुडघे स्टिअरिंगला, डोकं छताला. गाडीत ही बसलेली होती हो, म्हणजे हिची जागा बसलेली होती. दहा मिनिटं तसाच दुमडून बसलो. मग एक दाबलं. सीट मागे गेली. त्या आवाजाइतका उद्धट आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

असो. सर्व्हिस सेंटरला कंटाळून शेवटी मी कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे गेलो. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर वायरींचा गुंता, आणि गुंत्यामागे नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवलेला हा गृहस्थ. हा मोजकं बोलतो, म्हणून मला एकदम आवडला. गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "गाडीत चोर आहे." म्हटलं, काय? "गाडी उभी असताना कोणीतरी करंट खातंय. त्याला आम्ही चोर म्हणतो." त्याने एक काडेपेटीएवढी डबी आत बसवली. "आठवडाभर राहू दे. गाडी कधी जागी होते, कधी झोपते, सगळं लिहून ठेवते ही."

आठवड्याने रविवारी सकाळी हा आमच्या घरी आला. आमचं घर म्हणजे मी, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि माझ्या सासूबाई, म्हणजे हिच्या आई. त्या आधीपासून आमच्याकडेच असतात. तिघंही बाहेरच्या खोलीत. याने डबीतल्या नोंदींचा कागद काढला, चष्मा नाकावर सरकवला आणि रोजच्या वेळा वाचायला लागला. "सकाळी सहा दहा. दार उघडलं, सीट हलली, वीस मिनिटं. दुपारी अडीच. दार उघडलं, सीट हलली, पाऊण तास. संध्याकाळी सात. दार उघडलं, सीट हलली, अर्धा तास. सोमवारी असं, मंगळवारी असं, रोज असं." आणि म्हणतो, "साहेब, दार उघडलं की गाडी जागी होते. पुन्हा झोपायला तिला वेळ लागतो. तुमची गाडी झोपतच नाही."

मी पटकन म्हणालो, "सकाळी सहाला मी फिरायला जातो." हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आणि बाकी सर्व दृष्टींनी खोटं आहे. मी फिरायला जातो म्हणून निघतो आणि खाली जाऊन दार उघडतो, दोन दाबतो, आणि बाहेर उभा राहून सीट पुढे सरकताना बघतो, मग एक दाबून ती परत मागे नेतो. बस्. एवढंच. एका माणसाने रोज सकाळी एवढं केलं तर कोणाचं काय बिघडतं?

मग मी वळून बघितलं. मुलगी पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती. म्हणाली, "बाबा, सातची मी आहे. मी मागे बसते. मागून तशीच दिसते सीट." हिची किल्ली स्वयंपाकघरात खुंटीवर असते, ती घेऊन जायची, आणि निघताना सीट परत एकवर नेऊन ठेवायची म्हणे.

राहिले अडीच. सासूबाईंनी आवाज चढवला, "माझ्याकडे काय बघता? मला त्यातलं काही कळत नाही." बॅटरीवाला कागदावरून नजर न काढता म्हणाला, "आजी, अडीचला शेजारच्या सीटचा पट्टासुद्धा लावलाय कोणीतरी." मग म्हणाल्या, "पट्टा लावल्याशिवाय ती निघायची नाही. म्हणायची, आई, आधी पट्टा."

तुम्हाला सांगतो, तिघं एका घरात, एका ताटलीतून पोहे खाणारे, आणि नऊ महिने तिघांपैकी एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मी बाहेर उभा, मुलगी मागे, सासूबाई शेजारी. दोन दाबल्यावर मात्र ड्रायव्हरच्या जागेवर तिघांपैकी एकही बसत नव्हता. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं तसं. आणि वर मी टायवाल्याशी सहा वेळा भांडून आलो! बॅटरीवाला म्हणाला, "एकाचं झेपलं असतं हो बॅटरीला. तिघांचं कसं झेपेल?"

आणि बॅटरी किती महिन्यांची? चौदा. म्हणाला, ही संपत आलीय, बदलावी लागेल. मी विचारलं, "बदलली की ती दोन नंबरची जागा?" तो म्हणाला, "वायर सुटली की विसरते गाडी." मग त्यानेच सांगितलं, "घाबरू नका. मी दुसरी बॅटरी बाजूला जोडून ठेवतो आणि मग ही काढतो, म्हणजे आठवण जात नाही. उद्या दुपारी चारला येतो. तोपर्यंत एक करा, गाडीला हात लावू नका. अजिबात. तिच्यात आता जेमतेम उद्यापर्यंतचा जीव आहे." आम्ही तिघांनी माना डोलावल्या. इतकं एकमत या घरात गेल्या वीस वर्षांत झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला तो आला. हातात दुसरी बॅटरी, खांद्यावर वायरी. दार उघडलं. पडदा नाही. दिवा नाही. टकसुद्धा नाही, च् च् करायलाही कोणी उरलं नव्हतं. त्याने यंत्र लावून पाहिलं आणि आमच्याकडे बघितलं. विचारलं मात्र काही नाही, भला माणूस. विचारायला हवंच होतं असंही नाही. सकाळी सहाला मी गेलो होतो, म्हटलं, शेवटचं एकदा. सासूबाई त्या दिवशी अडीचपर्यंत थांबल्याच नाहीत, बाराला गेल्या, शेवटचं एकदा. मुलीला संध्याकाळी सातला जाता येणार नव्हतं, म्हणून कॉलेजातून तीनला लवकर आली. शेवटचं एकदा. त्या वेळी सीट अर्ध्यात अडकली म्हणाली, आणि थांबली.

नवी बॅटरी बसली. बटण दाबलं, आणि गाडी सुरू. एका दमात. मी दोन दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'या क्रमांकावर कोणाचीही नोंद नाही.' चौदा महिन्यांत त्या पडद्यावर आलेलं हे पहिलं निर्दोष वाक्य. एक काना-मात्रा इकडची तिकडे करायला जागा नाही.

मग बॅटरीवाला म्हणाला, "पुन्हा बसवू. सांगा, किती पुढे?" मुलगी म्हणे, अजून पुढे, आईचे गुडघे लागायचे. सासूबाई म्हणतात, पाठ ताठ कर, ती लहानपणापासून ताठ बसायची. मी म्हणतो, आरसा एवढा खाली नव्हता. तिघांच्या तीन जागा. तो बिचारा घूं पुढे, घूं मागे. शेवटी म्हणाला, "उंची सांगा त्यांची, अंदाज येईल." मी म्हणालो, पाच फूट एक इंच. सासूबाई म्हणाल्या, "पाच फूट." मी म्हटलं, नाही हो, एक इंच, लग्न ठरवताना तुम्हीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तो इंच मी वाढवून सांगितला होता." म्हणजे बघा, वीस वर्षं माझ्याकडे अशुद्ध प्रत! आणि हिने तोंडातून चकार शब्द काढला नाही कधी. त्या दिवशी, नऊ महिन्यांत पहिल्यांदा, आम्ही तिघं एकदम हसलो, आणि मग कोणाला थांबता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

बॅटरीवाल्याने बराच वेळ वायरींकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "एवढी चालेल?" आम्ही सीटकडे पाहिलं. दोन बोटं मागे होती, किंवा पुढे. मी म्हणालो, "चालेल." त्याने दोन नंबर पक्का केला.

आमच्या इमारतीत ही गोष्ट सांगतात, ती अशी: बॅटरीवाल्याने घाईत वायर ओढली आणि बिचाऱ्यांची आठवण पुसून टाकली, पण मग त्यांनी सीट पुन्हा होती तश्शी बसवली. यात दोन चुका आहेत, आणि चुका काढणं हा माझा धंदा. पहिली, त्या माणसाने काही पुसलं नाही, तो वाचवायला आला होता. पुसलं आम्ही तिघांनी, बघून बघून. दुसरी, होती तशी बसलेली नाही. दोन बोटांचा फरक आहे, तिघांनाही माहीत आहे, आणि घरात तो कोणी काढत नाही. मीसुद्धा नाही.

आता सकाळी सहाला आम्ही तिघं मिळूनच खाली जातो. बॅटरीवाल्याने दिवसातून एकदाचीच परवानगी दिलीय. त्यामुळे गाडी रोज सुरू होते, एकदा बटण दाबताच, टायवाल्याकडे न्यायला एक तक्रार उरलेली नाही. तेव्हा यापुढे विचारायचंच असेल तर 'गाडी सुरू झाली का' असं विचारत चला. झाली. बाकीचं चालू आहे.