चुन्याचं पोतं

तिथंच बसा डाक्टर, त्या दगडावर. घडीव दगड हाय, आमच्याच हातचा, धोतराला काय लागणार नाय — आत? आत कशाला? आत काय हाय बघायसारखं? दोन मडकी, एक चूल, एक वाकळ आन् माझी सासू. दमा हाय तिला. ऐकू येतंय ना, खर्र खर्र — तीच ती. थंडी पडली का असंच होतं म्हातारीचं, रातभर छातीत जातं फिरतं. नको, तिला बघून तुमी काय करणार, तुमी ढोरांचे डाक्टर. आन् वडाराच्या घरात शिरलात तर तुमची आई तुमाला चुलीपाशी फिरकू देईल का? आंघोळ करावी लागंल, जानवं बदलावं लागंल, ऐन थंडीत. मी बसलेय ना हिथं उंबऱ्यावर. दुर्गी म्हणतात मला. ह्या वाडीत सगळ्यात जास्त तोंड माझंच चालतं, पाटलाला विचारा. काय विचारायचं ते मला विचारा. पण आधी ते चुन्याचं पोतं उचलायला सांगा तुमच्या शिपायाला. अख्खी वाडी सोडून नेमकं माझ्याच दारात टाकलं त्यानं. खड्डा नदीकडं हाय, पाटलानं दाखवला तिथं खणलाय. आमचा धनी आन् बाकीचे गडी फावडी घेऊन तिथंच बसलेत, तुमी हुकूम केला का माती लोटतील. चुना तिकडं लागतो. हिथं काय काम त्याचं?

राहिलं कुठलं डुक्कर? एकबी नाय. सगळी गेली. तुमीच सांगा, खोपोलीच्या रस्त्यानं वाडीत शिरलात, एक तरी डुक्कर आडवं आलं का? वडारवाडीत पाय ठेवावा आन् डुक्कर आडवं येऊ नये, असं मी लग्न होऊन आले तेव्हापासनं झालं नाय. बाजाराला जाणाऱ्या बाया हिथनं नाकाला पदर लावून पळायच्या, आता बघा कशा रमतगमत चालल्यात. त्यांना बरं झालं. पाटलाला बरं झालं. पाटील म्हणाला, दुर्गे, घाण गेली. मी म्हटलं, पाटील, तुमच्या गावाची घाण कोण खायचं? आता तुमीच खावा. तर लागला काठी उगारायला.

मला राग येतो डाक्टर, मी लपवीत नाय. गेल्या साली खोताचे बैल शिंकायला लागले तर तुमी अलिबागेवरनं लस घेऊन धावत आलात — तुमी नसाल, तुमच्या आधीचे असतील, पण आले. माथेरानला सायबाचा घोडा लंगडला तर नेरळवरनं डाक्टर डोंगर चढून जातो. आमी खालापूरला तुमच्या कचेरीत माणूस धाडला तेव्हा निम्मी डुकरं जिवंत होती. माणसाला तिकडच्या कारकुनानं विचारलं, डुक्कर हे ढोर हाय का? बिचारा तसाच परत आला. आन् आता सगळं संपल्यावर तुमी आलात, तेबी लस नाय, सुई नाय — चुना. बैलाला लस आन् आमच्या डुकराला चुना. ह्या घाटात रेलवाईचा दगड कुणी फोडला? त्या खालच्या विजेच्या घराचं जोतं कुणी घातलं? आमच्या सासऱ्यांनी, आमच्या नवऱ्यांनी. पावसाळ्यात खाण पाण्यानं भरती, दगड बंद, मजुरी बंद. ते चार महिने आमाला कोण जगवतं? डुक्कर जगवतं. ते खोताला ठावं नाय आन् तुमच्या कारकुनाला तर नायच नाय.

कसं सुरू झालं? यल्लूच्या डुकरापासनं. मोठा नर होता, ह्या एवढा. सकाळी कोंडा टाकला तर तोंड लावीना. डोळे चिकटलेले. दुपारी बघते तर मागच्या पायांवर असा झोकांड्या खातोय, जसा काय खोपोलीच्या गुत्त्यावरनं आलाय. आमी हसलो बी. यल्लूची बायको चिमा म्हणाली, धन्यावर गेलाय. मंग संध्याकाळी त्याचे कान जांभळे झाले आन् हसू गेलं. पोटाखाली बी जांभळं, बोटानं दाबलं तरी जाईना. तो मरायच्या आत यल्लूनं त्याच्या मानेवर सुरा फिरवला — मेलेलं आमी खात नाय, तुमच्यात काय बी बोलत असतील, मेलेलं नाय खात. आन् वाटे घातले. ही आमची रीत हाय डाक्टर. कुणाचं डुक्कर असं अवचित पडलं तर एकट्यानं खायचं नाय न् एकट्यानं रडायचं नाय. वाडीत जेवढे उंबरे तेवढे वाटे, विधवेच्या घरी आधी जातो. मंग ज्याचं गेलं त्याला पुढच्या वेताला ज्याच्या घरी पिल्लं होतील त्यानं एक पिल्लू द्यायचं, पैसा घ्यायचा नाय. माझ्या सासूच्या सासूपासनं चालत आलंय. तुमच्या आळीत हाय असं काय?

आतडी कुठं धुतली? ओढ्यावर, अजून कुठं धुणार? वरच्या अंगाला, स्वच्छ पाणी असतं तिथं. पाणी खाली वाडीकडं येतं, होय. डुकरं तिथंच लोळतात, होय. भांडी धुतलेलं पाणी, हाडं — ते डुकरांनाच जातं, वाया कशाला घालवायचं — का? असं काय बघताय? तोंडावरचा रुमाल काढून बोला ना.

वाट्यानं?

नाय डाक्टर. तुमी शिकलेले असाल, पण असं बोलू नका. वाटा दिल्यानं आजार कसा जाईल घरोघर? वाटा खाऊन एक माणूस तरी आजारी पडला का? मी खाल्लं, पोरांनी खाल्लं, कुणाचं डोकं सुद्धा दुखलं नाय. माणसाला होत नाय, डुकरालाच होतो — बरं, होत असंल. पण मंग जना विधवा हाय, तिच्या घरी यल्लूनं सगळ्यात आधी वाटा धाडला, तिचीच डुकरं यल्लूच्या मागोमाग गेली, म्हंजे यल्लूनं मारली का? हे तुमी वाडीत बोलून बघा. तुमाला उचलून नदीत टाकतील. मी नाय टाकणार, पण आवरणार बी नाय कुणाला.

तो कोंडा? कोंबड्यांचा हाय. सकाळी भिजवून टाकला डोणीत. डोणी मीच घडवलीय, एका दगडाची, बघा कशी गुळगुळीत — कोंबड्या असतील कुठं तरी, फिरतात. भरपूर हाय म्हंजे? कोंबड्यांना भूक नसती का? तुमी डाक्टर हाय का फौजदार? आन् हा खोकला ऐकून सारखे सारखे दाराकडं बघू नका. सांगितलं ना, म्हातारी माणूस हाय. तिला परका पुरुष दिसला का ती लाजती.

पुढं काय, पुढं एकेक घर. खुराड्यात सगळी एकमेकांच्या अंगावर चढून बसायची, थंडी वाजल्यासारखी. सकाळी उठून खालची बघावी तर गार. आमच्या बाया रडल्या डाक्टर, खरंच रडल्या. डुकरासाठी कोण रडतं असं तुमाला वाटंल. मंग म्हाताऱ्यांनी ठरवलं का ही मरीआई हाय. तिला काय तरी हवंय. शेवटी वाडीत एकच डुकरीण राहिली होती, आमची चांदी. कपाळावर पांढरा चट्टा हाय तिच्या, रुपयाएवढा, म्हणून चांदी. सगळे म्हणाले, राहिलेली आईची. तिला कुंकू लावा, ओटी भरा, ओढ्याच्या पलीकडं वेशीपार हाकला, म्हंजे रोगराई तिच्यासंगं जाईल. माझ्या धन्यानं मान खाली घातली. पंचांपुढं त्याचं तोंड उघडत नाय. मीच कुंकू लावलं, त्या पांढऱ्या चट्ट्यावर. मीच हाकली. पाण्यातनं गेली, पलीकडं जाऊन वळून बघितलं तिनं, मी दगड मारला. विचारा कुणालाबी, सगळ्यांनी बघितलंय. म्हंजे वाडीत एकबी नाय हे मी खोटं सांगत नाय.

पोटुशी होती. दिस भरत आलेले. मला लई वाईट वाटलं, पण पंचांचा शब्द. अशी डुकरीण मिळत नाय डाक्टर. माझी सासू गेली त्या पावसात हिच्या आईनं हिला घातली, म्हातारीच्या दहाव्याला मी हिला पदरात घेऊन बसले होते, इवलीशी —

काय झालं?

नाय, ती थोरली सासू. चुलत. ही धाकटी. आत हाय ती धाकटी.

तुमी लिहून घेऊ नका. हे बघा, ती पेन्सिल ठेवा खाली. मी हात जोडते. वडाराची बाई कुणापुढं हात जोडत नाय, मी जोडते. हळू बोला, शेजारी चिमा हाय, तिचे कान लई तिखट. तिला कळलं तर आज सांजच्याला पंच माझ्या दारात असतील. म्हणतील, आईची वस्तू चोरली, आता वाडीत माणूस मेलं तर ते तुझ्या डोक्यावर. आन् मी चोरली नाय डाक्टर. आईशप्पथ चोरली नाय. दिवे लागायच्या वेळेला दारात बघते तर उभी. पाय चिखलात, कपाळाला कुंकू, पोट जमिनीला टेकलेलं. एवढा ओढा, एवढं रान, पलीकडच्या गावाची कुत्री — सगळं टाकून आपल्या उंबऱ्याशी आली. आता तुमीच सांगा, आईनं परत धाडली का आईलाबी नको झाली? मला कळेना. मी आत घेतली. वाकळ घातली. धन्याला सुद्धा नाय कळू दिलं पहिल्या दिवशी, मंग घरातच हाय म्हटल्यावर कळणारच. तो निस्ता बसून राहिला तिच्या पाठीवर हात ठेवून.

लालसा नाय माझी. कळलं का? मी काय एकटीनं श्रीमंत व्हायला निघाले नाय. तिच्या पोटात पिल्लं हायेत. हात ठेवला का लाथा मारतात आतनं. एक जनेला, एक यल्लूला — मी सगळी घरं मनात लावून ठेवलीत, कुणाला कुठलं. पिल्लं घेऊन दारोदार गेले असते तर कुणी विचारलं असतं का, ही आईची हायेत म्हणून? घेतली असती मुकाट्यानं. पुढच्या पावसाळ्याला वाडी जगली असती. तुमी तिला मारून चुन्यात टाकलंत तर ही वाडी उठली म्हणून समजा, पनवेलकडं न् पुण्याकडं पांगलेले वडार मोजत बसा. तुमच्या कागदात एक डुक्कर जाईल. आमच्यात सगळं जातं.

आन् तिला तो आजार नाय. थकलीय नुस्ती. खात नाय म्हणून काय, पोटुशी बाई कधी खाती का धड? घरघरतीय, ती थंडी. मी तिला जपलंय डाक्टर. यल्लूच्या वाट्यातली हाडं मी ठेवली होती वाळवून, सारखी उकळून तिला पाजली, आमी पोरांना दिलं नाय ते तिला दिलं, ताकद यावी म्हणून. काल सुद्धा पाजलं, वाटीनं, तोंड उघडून —

का? मान का हलवताय?

काय पाजलं म्हंजे? रस्सा. हाडांचा. सांगितलं ना, यल्लूच्या —

यल्लूच्या डुकराची हाडं.

नाय. उकळलेलं होतं. लई उकळलं होतं मी. नाय, उकळल्यावर नसंल उरत काय. नसंल ना? डाक्टर, मघाशी एवढं बोलत होतात, आतडी कुठं धुतली, पाणी कुठं गेलं, आता बोला की. म्हणा की, दुर्गे, उकळलेल्यानं काय होत नाय. तुमचं काय जातं म्हणायला? कान जांभळे हायेत थोडे, पण ते कुंकू उतरलं असंल कपाळावरनं, पाण्यातनं आली ना ती. मी पुसून बघितलं नाय. मी दिवा लावून बघितलंच नाय. अंधार असतो आत. बघा, अजून श्वास घेतीय, ऐका ना, खर्र —

ऐकू येतंय का तुमाला?

मी मघापासनं बोलतेय, माझ्याच बोलण्यात — गप ऱ्हावा जरा. पाय वाजवू नका.

चांदे.

ए चांदे.

…

नाय, तुमी उठू नका. आत येऊ नका. जावा तुमी आता, उन्हं हायेत तोवर खालापूर गाठा. जाताना नदीवर माझ्या धन्याला हाक मारा. जास्त काय सांगू नका, बाकीचे गडी हायेत तिथं. एवढंच म्हणा, का खड्डा बुजवू नका अजून.

आन् ते पोतं राहू द्या. हिथंच.