पाराखालची माती

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय मल्लिकार्जुनआप्पा, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या मुख्याध्यापिका जगदेवीबाई, शिक्षकवृंद, जळकोटकर मंडळी आणि मघापासून चुळबुळ करणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो,

निवेदकांनी माझी ओळख 'वृक्षतज्ज्ञ' अशी करून दिली, त्यांचे आभार. लातूरला आमच्या गल्लीत मला 'झाडं तोडणारा सत्यम' म्हणतात आणि त्यातही खोटं काही नाही. सकाळी फोन सुरू होतात. कुणाच्या दुकानाची पाटी फांदीनं झाकलेली असते, कुणाला अंगणात पडणारा पाला नको असतो. नांदेडचे एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, वडाच्या पारंब्या तेवढ्या कापून द्या, गाडीला घासायल्यात." मी जातो. झाडाभोवती फिरतो, लाकडी हातोडीनं खोड ठोकून आवाज ऐकतो, दोर बांधून वर चढतो. करवत चालते ती थोडा वेळ. बाकीचा दिवस बघण्यात आणि लोकांची समजूत घालण्यात जातो. अशा माणसाला भाषणाला का बोलवावं? पण बाईंचा निरोप आला, आणि बाईंना नाही म्हणायची सोय नाही.

दोन वर्षांमागं बाईंनी मला बोलावलं ते शाळेपुढच्या कडुलिंबाच्या वाळक्या फांद्या काढायला. या लिंबाखाली बाईंचे यजमान शिवलिंग सर गणित शिकवायचे. गावाला हे ठाऊक आहे, पाहुण्यांसाठी सांगतो. सर गेल्यावर बाईंनी त्यांच्या स्मरणार्थ झाडाला पार बांधला. कमरेइतका उंच, आत मुरूम भरलेला, वर सिमेंट आणि खोडाला घट्ट भिडवलेली फरशी. पुढच्या बाजूला सरांच्या नावाचा दगड. सिमेंटवर पाणी मारायला बाई स्वतः बादली घेऊन यायच्या म्हणे.

मी वर चढलो. शेंडा वाळला होता. खाली येऊन खोडाजवळची एक फरशी उचकटली, तर आत साल काळी पडून कुजलेली. मुळांना हवा नव्हती, पावसाचं पाणी पोचत नव्हतं. पारामुळंच झाड चाललंय, असं मी बाईंना सांगितलं. हे मला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावात सांगावं लागतं. पार बांधणारा जीव लावूनच बांधतो, म्हणून सांगताना मी चेहरा कोरा ठेवतो.

बाई म्हणाल्या, "म्हणजे मीच मारलं का हो ह्याला?"

"अजून मेलं नाही," मी म्हणालो. "पार काढला तर कदाचित जगेल. खात्री देत नाही."

तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या पारूबाई धावत आल्या. "बाई, सरांचं नाव हाय की त्याच्यावर! आन् तुमीच फोडा म्हणायलाव?" आपले अध्यक्ष म्हणाले, "पार लई चांगला झालाय. झाड वाळलं तर दुसरं लावू की त्यातच." आप्पा, हसू नका, तुम्हीच म्हणाला होता.

बाईंनी त्या दगडावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आमच्यात माणसाला जाळत न्हाईत, माती देतात. ह्यांनाबी मातीच दिली. झाडाला मात्र मी सिमेंट दिलं. फोडा."

यंत्र लावलं असतं तर मुळं तुटली असती, म्हणून छिन्नी आणि खुरप्यानं काम केलं. तरी नावाचा दगड निघताना मधोमध फुटला. असे दगड मी पुष्कळ काढलेत, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. बाईंनी तुकडे उचलले आणि घरी नेले.

पुढच्या उन्हाळ्यात आणखी फांद्या वाळल्या. गावात लोक म्हणू लागले, नावबी गेलं, झाडबी चाललं. ते बाईंच्या कानावर जात नसेल का? बाई दर महिन्याला फोन करायच्या आणि मी दर वेळी 'बघू' म्हणायचो. आमच्या धंद्यात घाईनं सांगितलेलं खोटं ठरतं. त्यांची लेक मंजुश्री लातूरला असते. आई, निवृत्त झालीस की इकडं ये, म्हणून ती मागं लागली आहे. बाईंचं तिला एकच उत्तर, "झाडाचं कळल्याबिगर मी हालणार न्हाई."

समारंभाला मी उशिरा आलो आणि अंगावर सालीचा भुगा घेऊन इथं बसलो, त्याबद्दल सभागृहानं मला माफ करावं. सकाळपासून लिंबावर होतो. एकेक फांदी नखानं खरवडून पाहिली. रस्त्याकडची मोठी फांदी गेली आहे, ती पावसाआधी काढावी लागेल. बाकी सगळीकडं सालीखाली हिरवं आहे, आणि बुंध्याच्या जखमेवर कडेकडेनं नवी साल चढायला लागली आहे.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल शाळेचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बाई, झाड जगलं. तुम्ही आता निवांत लातूरला जा.