तीन हृदयांचा ऑक्टोपस

ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासाचा तेविसावा दिवस होता आणि नखले कोळ्याच्या फळीवर एकच ऑक्टोपस उरला होता. रांगेत पाद्री अबूना नकूला दुसरे होते. पहिल्या तक्लाबाई, आणि सोबत त्यांची प्राणिशास्त्र शिकणारी भाची यारा. तेवीस दिवस मसूर खाल्लेले अबूना ऐकत उभे राहिले.

"बांध रे नखले. उपासाला रक्ताचं चालत नाही म्हणून मासा नको, पण याला कुठलं आलंय रक्त?" तक्लाबाई म्हणाल्या.

"असतं की मावशी. निळं असतं. आणि हृदयं तीन."

"तीन? तुझ्या काकांना तर एकही नव्हतं."

"पण काकांना कणा होता, म्हणून त्यांचा गट वेगळा. हा गोगलगायीच्या भाऊबंदांपैकी."

"काकांना कणा? तू त्यांना घरात पाहिलंच नाहीस."

"ताई, परीक्षा कधी आहे तुमची?" नखलेने विचारलं.

"उद्या."

"मग घरी जाऊन अभ्यास करा ना."

"थांब रे. ऑक्टोपस राहू दे, कोळंबी दे."

"तिचंही निळसरच असतं, मावशी."

"अगं, मग मी खाऊ तरी काय? अबूना, बरे भेटलात. निळं रक्त चालतं का हो?"

अबूनांनी सावकाश दाढी कुरवाळली.

"तक्लाबाई, मनात शंका असेल तर खाऊ नये."

"मग नकोच बाई. मसूर शिजवते."

"देव तुमचं भलं करो. नखले, तो मला बांध. मला शंका नाही."