शुभदाताईंच्या गौळणीला दोन तारे

नाही, पण मी म्हणतो, पोराने बापाला गाणी ऐकायचं यंत्र पाठवलं तर बापाने काय करावं? गाणी ऐकावीत, मान डोलवावी, डुलकी काढावी! पण नाही... त्या यंत्रात गाण्याला तारे द्यायची सोय होती ना! एक ते पाच! आणि ही सोय पडली कोणाच्या हातात? गुणवंत सरांच्या! ज्या माणसाने जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आणि कोणाला, अगदी कोणालाही, पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत, त्यांच्या! अहो, सख्खा मुलगा पराग त्यांच्याच वर्गात होता, त्याला निबंधात नापास केलेलं. बायकोने जाब विचारला तर म्हणाले, लेखनात ओलावा नाही. सहावीतल्या पोराच्या लेखनात ओलावा शोधतोय हा माणूस! तोच पराग आता मस्कतला असतो आणि त्यानेच ही डबी पाठवलेली. डबी हे सरांनीच ठेवलेलं नाव.

तर तुम्हाला सांगतो, इंद्रलोक वसाहतीतल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत सर कानात ती बोंडं खुपसून बसायचे आणि गाणी ऐकायचे. ऐकायचे कसले, तपासायचे! हा गायक शब्द गिळतो... दोन. ही बाई तानेत रमली, अर्थ विसरली... दोन. आणि परागने फोनवरून समजावून ठेवलेलं, की बाबा, चार-पाच तारे दिलेत तर कॉम्प्युटर तुमच्या आवडत्या गाण्यांची यादी आपोआप बनवतो, आणि दोन किंवा त्याहून कमी दिलेत तर ते गाणं डबीतून आपोआप काढून टाकतो. चार्जिंगला कॉम्प्युटरला लावली की हे सगळं होतं, तुम्ही काही करायचं नाही. सर खूश! म्हणाले, छान, म्हणजे नापासांना वर्गाबाहेर. झालं... महिन्याभरात अर्धी डबी ओस पडली आणि आवडत्यांच्या यादीत शुकशुकाट! परागने विचारलं, एकसुद्धा आवडलं नाही का हो? तर म्हणाले, आवडली की, पुष्कळ आवडली, पण चार म्हणजे फार होतात. मार्क म्हणजे काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे, येईल त्याच्या हातावर ठेवायला? आता यात सरांचं काय चुकलं, सांगा!

बरं, इथवर गायकांचं नुकसान होतं, घरात शांतता होती. पण त्या डबीत एक गाणं शुभदाताईंचं होतं हो! सरांच्या सौभाग्यवती. पराग सुट्टीवर आला होता तेव्हा त्याने आईची गौळण रेकॉर्ड करून ठेवलेली. शुभदाताई जवळच्याच जेसल पार्कच्या भजनी मंडळात, पण कुठे? मागच्या रांगेत, टाळ कुटायला! किती वर्षं झाली, बाई मागच्या रांगेतच. यंदा नवरात्रात मुख्य गायला कोणीतरी हवं होतं आणि पहिल्यांदाच त्यांचं नाव निघालं. बायका म्हणाल्या, घरी येतो, एकदा आवाज ऐकतो. नेमका त्याच दिवशी घसा बसला. पण ताईंना चिंता नाही. डबीत गौळण आहे ना!

बायका आल्या, चहा झाला, चिवडा झाला. मंडळाच्या प्रमुख हंसाबेन पुढे सरकून म्हणतात, "गला बैठ गया तो क्या हुआ शुभदाबेन, मशीन में है ने? लगाव ने!" ताईंनी डबीला स्पीकर जोडला, बटणं दाबली... गौळण नाही. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही! सर भिंतीवरचं कॅलेंडर वाचतायत. शेवटी ताईंनी मस्कतला फोन लावला, तोही स्पीकरवर, म्हणजे सगळ्यांना कळावं काय करायचं ते. कळलं ना सगळ्यांना! पराग तिथूनच घरच्या कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "आई, बाबांनी तुझ्या गाण्याला दोन तारे दिलेत. म्हणून ते निघून गेलं."

चिवडा चावायचीसुद्धा चोरी झाली. हंसाबेन हळूच म्हणाल्या, "दो स्टार? वो तो स्टेशन के पास के लॉज को मिलता है." आता माणसाने इथे काय करावं? चुकून बटण दाबलं गेलं म्हणावं, पाया पडावं, निदान गॅलरीत पळावं! सर उभे राहिले आणि समजावायला लागले हो! अंतऱ्यात सूर कसा उतरलाय, श्वास कसा भलत्याच जागी घेतलाय... मुद्देसूद! गाणं कॉम्प्युटरवर होतं म्हणे शिल्लक, पण आता ऐकायचं कोणाला? मुख्य गाणं मनोरमाबाईंकडे गेलं, त्या नाकात गातात. आणि सर म्हणतात, तपासताना मी नाव बघतच नाही. आता यात त्यांचं काय चुकलं, सांगा!

त्या दिवसापासून ताईंनी बोलणंच टाकलं. ताट वेळेवर, चहा वेळेवर, पण बोलायच्या फक्त कुकरशी. सर पार खचले. जेवण उतरेना, पेपर वाचवेना, त्या घरात त्यांना स्वतःच्याच खोकल्याची भीती वाटायला लागली. परागने दम भरला, बाबा, गौळण परत डबीत घालून देतो, पण गुमान पाच तारे द्या. पाच! सरांचा अंगठा तीनपर्यंत गेला, मागे आला, चारपर्यंत गेला, परत मागे! पण दिले! आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी दिले आणि डबी ताईंच्या पुढ्यात ठेवली.

ताईंनी चष्मा लावला. पाच तारे पाहिले. म्हणाल्या, "हे घाबरून दिलेत. खरे किती?"

सर म्हणाले, "अडीच."

"मग दोन कसे झाले?"

"अर्धा तारा द्यायची सोय नाही त्यात. आणि फुकटचा अर्धा मी कोणाला देत नाही."

आता खरं म्हणजे इथे डबी भिंतीवर फुटायची. पण बाई चक्क म्हणाल्या, अंतऱ्यात घसरले होते खरी, अडीच बरोबर आहेत. अहो, मिटलं होतं! सर सुटले होते! पण ताईंनी भाजी निवडता निवडता सहज विचारलं, "आणि आपल्या संसाराला किती द्याल?"

एक आकडा सांगायचा होता! बोटं मोजूनसुद्धा पाच होतात हो, पोरसुद्धा सांगेल! पण सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला... आणि विचार करायला बसले.